परवचा: पदवीच्या पहिल्या वर्षात अभ्यास कसा करावा

आमच्या घरी दिवेलागणीला परवचा असायचा. शुभंकरोति झालं की पाढे, मग पावकी-निमकी. आजोबा समोर बसत. हातात पाटी नाही, पुस्तक नाही. एकोणिसाच्या पाढ्यात अडखळले की ते म्हणत, "परत घे, पहिल्यापासून." चूक कुठे होते ते मला त्या क्षणीच कळायचं.

पुढे मी बी.एस्सी.साठी शहरातल्या कॉलेजात आले आणि ही पद्धत विसरून गेले. अभ्यास म्हणजे वाचन, असं धरून चालले. पहिल्या सत्रात प्रत्येक प्रकरण तीन-चार वेळा वाचलं, पिवळ्या पेनाने ओळी रंगवल्या. पेपर हातात आला तेव्हा सगळं ओळखीचं वाटत होतं, पण लिहिता काही येत नव्हतं. दोन विषय राहिले. आता मी स्वतः प्रथम वर्षाला भौतिकशास्त्र शिकवते. दर दिवाळीनंतर मुलं येऊन सांगतात, "मॅडम, सगळं वाचलं होतं हो." त्यांचं खरं असतं. त्यांनी खरंच वाचलेलं असतं.

या मुलांसाठी हा लेख लिहिते आहे. विशेषतः गावातून, तालुक्याच्या ठिकाणाहून, मराठी शाळेतून आलेल्यांसाठी. उदाहरणं बहुतेक विज्ञान शाखेची आहेत, मी तीच शिकवते म्हणून, पण बी.कॉम., बी.ए. आणि इंजिनीअरिंगवाल्यांनाही हीच वाट आहे.

पहिला आठवडा: विषय नीट समजून घ्या

बारावीपर्यंत बोर्डाचं एक पुस्तक असतं आणि त्याच्या बाहेरचं काही येत नाही. इथे पुस्तक नसतं, अभ्यासक्रम असतो. विद्यापीठाच्या किंवा कॉलेजच्या संकेतस्थळावरून प्रत्येक विषयाचा अभ्यासक्रम उतरवा, त्याची झेरॉक्स काढा आणि वहीच्या पहिल्या पानाला चिकटवा. महाराष्ट्रात २०२४-२५ पासून संलग्न कॉलेजांतही नवं शैक्षणिक धोरण लागू झालं. त्यामुळे मेजरसोबत (म्हणजे मुख्य विषयासोबत) ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला निवडीचा विषय), व्हीएससी आणि एसईसी (कौशल्यांचे विषय), आयकेएस (भारतीय ज्ञानपरंपरा) अशी नावं वेळापत्रकात दिसतात आणि पहिला महिना त्या गोंधळातच जातो. नावांना घाबरू नका, श्रेयांक म्हणजे क्रेडिट पाहा. थिअरीचा एक श्रेयांक म्हणजे साधारण १५ तास शिकवणं. दोन श्रेयांकांचा विषय ३० तासांत संपतो. आठवड्याला दोन तास धरले तर तो १५ आठवडे चालेल. प्रवेशाच्या फेऱ्या लांबल्या की पहिलं सत्र आणखी आखूड होतं, त्यात गणपती येतात, गॅदरिंगची तयारी येते. "अजून वेळ आहे" हे वाक्य पहिल्या सत्रात कधीच खरं नसतं.

मग तीन गोष्टी शोधून काढा. अंतर्गत आणि लेखी परीक्षेचे गुण कसे वाटले आहेत: काही ठिकाणी ४० आणि ६०, काही ठिकाणी ३० आणि ७०. दोन्हींत वेगवेगळं पास व्हावं लागतं का? आणि उपस्थितीची अट काय आहे? बहुतेक ठिकाणी ती ७५ टक्के असते आणि उपस्थिती कमी असलेल्यांची डिफॉल्टर यादी लागल्यावर धावपळ करून फारसं काही हाती लागत नाही. हे सगळं विभागातल्या शिक्षकांना सरळ विचारा. पहिल्या आठवड्यात विचारायला कुणीही हसत नाही.

शेवटचं काम म्हणजे ग्रंथालयातून किंवा गेटासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून मागच्या दोन-तीन वर्षांचे पेपर आणायचे. पॅटर्न बदललेला असेल, पण कुठल्या भागावर कशा प्रकारचे प्रश्न येतात ते कळतं. आत्ता एकही उत्तर येणार नाही. तरी वाचा. पेपरात काय विचारतात ते माहीत असलं की तासाला बसल्यावर कान आपोआप तिकडे लागतात.

तासाला: डावीकडे जागा सोडा

वहीच्या पानावर डावीकडे चार बोटं रुंदीची उभी पट्टी आखा आणि ती रिकामी ठेवा. उजवीकडे शिक्षक बोलतात ते लिहा. शब्दन् शब्द लिहू नका, मुद्दा, आकृती आणि पायऱ्या तेवढ्या टिपा. जे कळलं नाही तिथे प्रश्नचिन्ह काढून पुढे जा. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात वॉल्टर पॉक यांनी १९५०च्या दशकात ही मांडणी रूढ केली. रिकाम्या पट्टीचं काम संध्याकाळी सुरू होतं.

"पीपीटी ग्रुपवर येणारच आहे" म्हणून हात बांधून बसणारी मुलं मला दरवर्षी दिसतात. ती पीपीटी परीक्षेच्या आदल्या रात्री पहिल्यांदा उघडली जाते. शिक्षकाने फळ्यावर खडूने काढलेली बाण-रेघ त्यात नसते आणि नेमकी तीच समजायला हवी असते.

संध्याकाळी: पुस्तक मिटून

सगळ्यात महत्त्वाचं हेच. बाकी सगळं सोडलंत तरी चालेल, पण एवढं करा.

कॉलेजातून आल्यावर चहा घ्या, हातपाय धुवा, आणि दिवसभरात झालेल्या प्रत्येक तासासाठी दहा मिनिटं काढा. वही मिटलेली असू द्या. एक कोरा कागद घ्या, पाठकोरा चालेल, आणि आजच्या तासाला काय झालं ते आठवून लिहा. आठवेल त्या क्रमाने, मराठी-इंग्रजी मिसळून, आकृत्या वाकड्या आल्या तरी चालतील. आठवणं थांबलं की लगेच वही उघडू नका. एक मिनिट तसंच बसा. त्या मिनिटात अजून दोन गोष्टी वर येतात. मग वही उघडा आणि लाल पेनाने राहिलेलं भरा, चुकलेलं दुरुस्त करा.

पृष्ठताणाचं उदाहरण घेते. तासाला केशनळीचा, म्हणजे केसासारख्या बारीक नळीचा, प्रयोग झाला. कोऱ्या कागदावर तुम्ही नळी काढली, पाणी वर चढलेलं दाखवलं, सूत्र लिहिलं. त्रिज्या अंशात की छेदात, तिथे अडलात. आता पुस्तकात न बघता विचार करा: नळी बारीक असेल तर पाणी जास्त चढतं की कमी? जास्त. म्हणजे त्रिज्या छेदातच हवी. हे तुमचं तुम्हाला एकदा सुचलं की पुन्हा कधी चुकणार नाही. मग पुढचा प्रश्न: पाऱ्यात नळी बुडवली तर? पारा खाली का उतरतो? याचं उत्तर आलं नाही तर वहीत शोधा. वहीतही नसेल तर उद्या मला विचारा. सूत्र चार वेळा वाचलं असतं तर यातला एकही प्रश्न पडला नसता.

लाल पेनाचं काम झालं की वहीतल्या त्या रिकाम्या पट्टीत उजवीकडच्या मजकुरावरचे प्रश्न लिहा. "पारा खाली का उतरतो?" "साबणाने पृष्ठताणाचं काय होतं?" पुढच्या वेळी उजवी बाजू हाताने झाका आणि डावीकडचे प्रश्न स्वतःला विचारा. हाच आपला परवचा.

पहिले पंधरा दिवस हे नकोसं वाटतं, कारण कागद जवळजवळ कोरा राहतो. वाचताना कसं सगळं गुळगुळीत चालतं आणि आपल्याला येतं असं वाटतं. इथे तर येत नाही हेच समोर दिसतं. त्यामुळे मुलं हे सोडतात आणि पुन्हा वाचनाकडे वळतात. अमेरिकेतल्या सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात रोडिगर आणि कार्पिक यांनी २००६ मध्ये याचाच प्रयोग केला. विद्यार्थ्यांना छोटे उतारे दिले, एक सूर्यावरचा, एक समुद्रातल्या पाणमांजरांवरचा. एक उतारा त्यांनी दोनदा वाचला. दुसरा एकदाच वाचला आणि मग न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी परीक्षा घेतली तेव्हा दोनदा वाचलेलं ८१ टक्के आठवलं, आठवून लिहिलेलं ७५ टक्के. म्हणजे वाचन पुढे. एका आठवड्यानंतर परीक्षा घेतली तेव्हा वाचलेलं ४२ टक्के उरलं आणि आठवून लिहिलेलं ५६ टक्के. तुमची परीक्षा पाच मिनिटांनी नसते, तीन महिन्यांनी असते.

ओळी रंगवण्याबद्दलही सांगून टाकते. २०१३ मध्ये डन्लॉस्की आणि त्यांच्या सहकारी मानसशास्त्रज्ञांनी अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन तपासलं. स्वतःची परीक्षा घेणं आणि अभ्यास दिवसांत विभागून करणं या दोन पद्धती वरच्या गटात आल्या. ओळी रंगवणं आणि पुन्हापुन्हा वाचणं खालच्या गटात गेलं. रंगीत पेनं विकत घेतली असतील तर आकृत्यांना वापरा.

पुन्हा कधी बघायचं

हर्मान एबिंगहाऊस या जर्मन संशोधकाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अर्थ नसलेली अक्षरं पाठ करायची आणि किती वेळाने किती विसरतो ते मोजायचं. त्याला दिसलं की विसरण्याचा वेग सुरुवातीच्या काही तासांत सगळ्यात जास्त असतो आणि नंतर मंदावतो. म्हणून पहिला परवचा त्याच दिवशी. दुसरा दोन-तीन दिवसांनी, तिसरा आठवड्याने, चौथा महिन्याने. दर वेळी लागणारा वेळ कमी होत जातो. चौथ्या वेळी पाच मिनिटंही पुरतात.

व्याख्या, सूत्रं, सनावळ्या, रासायनिक नावं यांच्यासाठी पत्ते करा. घरी जुन्या लग्नपत्रिका पडलेल्या असतात. त्यांची कोरी बाजू कापून पत्ते छान होतात. एका बाजूला प्रश्न, दुसऱ्या बाजूला उत्तर. चपलांच्या खोक्यात पुठ्ठा लावून तीन कप्पे करा. पहिल्या कप्प्यातले पत्ते रोज पाहायचे, दुसऱ्यातले तीन दिवसांनी, तिसऱ्यातले आठवड्याने. उत्तर आलं की पत्ता पुढच्या कप्प्यात, चुकलं की परत पहिल्यात. ही युक्ती जर्मन विज्ञानलेखक सेबास्टियन लाइटनर यांनी १९७२ मध्ये मांडली. कर्जत-कसाऱ्याहून लोकलने किंवा गावाहून एसटीने येणाऱ्यांना तर ती फारच सोयीची आहे. गर्दीत वही उघडता येत नाही, पण हातात दहा पत्ते धरता येतात.

उदाहरणं वाचू नका

गणित, अकाउंट्स, संख्याशास्त्र, भौतिकशास्त्र या विषयांत मुलं सोडवलेली उदाहरणं वाचतात, मान डोलावतात आणि पुढे जातात. त्याऐवजी उत्तरावर कागद ठेवा. पहिली पायरी स्वतः लिहा. मग कागद एक ओळ खाली सरकवा आणि पडताळा. अडलात तर फक्त एकच ओळ बघा.

दुसरी गोष्ट, प्रकार मिसळा. अकाउंट्समधलं घसाऱ्याचं, म्हणजे वापराने वस्तूची किंमत घटण्याचं, प्रकरण घ्या. सरळ रेषा पद्धतीची दहा उदाहरणं ओळीने सोडवली आणि मग घटत्या शिलकीची दहा, तर प्रत्येक वेळी कुठली पद्धत लावायची ते मथळ्यानेच सांगून टाकलेलं असतं. पेपरात मथळा नसतो. म्हणून दोन-तीन प्रकरणांतली उदाहरणं चिठ्ठ्या टाकून उचला. चुका वाढतील, वेगही कमी होईल. तरी तसंच करा. उदाहरण बघून "हे कुठल्या जातीचं" ते ओळखणं हाच निम्मा अभ्यास आहे आणि तो एकाच प्रकारची उदाहरणं ओळीने सोडवून होत नाही.

यूट्यूबवर किंवा एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्यानं फुकट आहेत, जरूर पाहा. पण आधी कागदावर अडा, मग पाहा. न अडता पाहिलेलं व्याख्यान सिनेमासारखं डोळ्यांपुढून निघून जातं.

इंग्रजीचं काय करायचं

माझ्याकडे येणारी निम्मी मुलं विषयात कच्ची नसतात, इंग्रजीने अडलेली असतात. आणि यावर ती जो उपाय करतात त्याने नुकसान वाढतं: लोकल ऑथरच्या पुस्तकातले परिच्छेद तसेच्या तसे पाठ करतात. पेपरात मधला एक शब्द निसटला की पुढचं सगळं जातं.

असं करून पाहा. इंग्रजी पुस्तकातला एकच परिच्छेद वाचा. पुस्तक मिटा. त्यात काय होतं ते मराठीत मोठ्याने सांगा, खोलीतल्या मित्राला, मैत्रिणीला किंवा भिंतीला. मराठीत सांगता आलं नाही तर अडचण इंग्रजीची नाही, संकल्पना कळलेली नाही. पुन्हा वाचा. सांगता आलं की मग इंग्रजीत तीन वाक्यं लिहा, प्रत्येक वाक्य सात-आठ शब्दांचं. "वॉटर राइजेस हायर इन अ नॅरो ट्यूब." एवढं साधं इंग्रजी परीक्षेला पुरतं. तपासणारा मुद्दा शोधत असतो आणि लहान वाक्यात तो लगेच सापडतो.

शब्दांची वेगळी वही करा. तीन रकाने: इंग्रजी शब्द, मराठी शब्द, आपलं वाक्य. रोजच्या वापरातले शब्द शास्त्रात वेगळ्या अर्थाने येतात तिथे खास लक्ष द्या. "मोमेंट" म्हणजे क्षण असं धरून "मोमेंट ऑफ इनर्शिया" वाचणारी मुलं मी पाहिली आहेत. क्षणाशी त्याचा संबंध नाही हे कळलं की वाट मोकळी होते. मराठी प्रतिशब्दांसाठी राज्य सरकारच्या भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश आहेत, ते संकेतस्थळावरही पाहता येतात. मराठी विश्वकोशाचे खंडही ऑनलाइन विनामूल्य आहेत. एखाद्या विषयाची इंग्रजीत ओळख होण्याआधी विश्वकोशातली नोंद वाचली तर पुढचं इंग्रजी पुस्तक निम्मं सोपं होतं.

प्रश्नातलं क्रियापद ओळखा. "डिफाइन" असेल तर व्याख्या, एक-दोन वाक्यांत. "स्टेट" म्हणजे फक्त मांडा, सिद्ध करू नका. "डिराइव्ह" म्हणजे पायरीपायरीने काढून दाखवा. "डिस्टिंग्विश" म्हणजे फरक, तो तक्त्यातच लिहा. "जस्टिफाय" म्हणजे कारण द्या. दोन गुणांच्या "स्टेट"ला दीड पान लिहून वेळ घालवलेल्या उत्तरपत्रिका दर सत्रात माझ्या हातात येतात.

बी.ए., बी.कॉम.च्या मुलांनो, बऱ्याच विद्यापीठांत उत्तरं मराठीत लिहायची मुभा असते. आपल्या कॉलेजात विचारून घ्या आणि ठरवा. ठरवलं की वर्षभर त्याच भाषेत परवचा करा.

जागा, मोबाइल, झोप

कॉट बेसिसवर राहत असाल आणि खोलीत चौघं असतील तर खोलीत अभ्यास होईल अशी आशा धरू नका. कॉलेजची रीडिंग रूम, गावातली अभ्यासिका, काही नाही तर रिकामा वर्ग. मोबाइल दुसऱ्याच्या बॅगेत ठेवा. पालथा घालून शेजारी ठेवलेला मोबाइलही मन ओढतो. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं उठून फिरणं, एवढ्याने बहुतेकांचं भागतं. आणि झोपा. रात्रभर जागून भरलेलं सकाळी हाताला लागत नाही.

प्रयोगांचं जर्नल त्याच आठवड्यात पूर्ण करा. सबमिशनच्या आदल्या दिवशी दुसऱ्याचं जर्नल उतरवून काढलं की तोंडी परीक्षेला "हे रीडिंग तू स्वतः घेतलंस का?" या एका प्रश्नावर सगळं अडतं.

परीक्षेच्या आधीचे तीन आठवडे

या काळात नवीन काही सुरू करू नका. आणून ठेवलेले पेपर काढा. घड्याळ लावून, पेपराचा पूर्ण वेळ, एका बैठकीत, हाताने लिहा. पहिला पेपर निम्मा सुटेल. कुठे अडलात त्याची यादी करा आणि पुढचे चार दिवस फक्त त्या यादीवर घाला. मग दुसरा पेपर. "ऑप्शनला टाकायचं" काय ते हे दोन पेपर सोडवल्यावर ठरवा, आधी नाही. अपेक्षित प्रश्नांचे संच मित्रांकडून येतील. स्वतःला तपासायला वापरा, त्यांच्यावर विसंबून राहू नका.

अंतर्गत परीक्षा लहान म्हणून सोडून देऊ नका. ती सत्राच्या मध्यावर येते आणि तुमचा परवचा चालतो आहे की नाही हे मोठ्या परीक्षेच्या आधी सांगते. पेपर परत मिळाला की शिक्षकांकडे जा आणि विचारा, "सर, इथे दोन गुण का गेले?" प्रथम वर्षाची मुलं हा प्रश्न क्वचितच विचारतात. मला तो विचारलेला फार आवडतो. त्या पाच मिनिटांत मुलाला काय शिकवायचं ते मला नेमकं कळतं.

विषय राहिला तर

केटी लागली, म्हणजे एखादा विषय राहिला, तर वर्ष गेलं असं नाही. एटीकेटीच्या (राहिलेले विषय घेऊन पुढे जाण्याच्या) नियमात बसत असाल तर पुढच्या वर्गात जाता येतं, ते नियम विद्यापीठाच्या परिपत्रकात पाहा. घरी लपवू नका. दुसऱ्याकडून कळण्याआधी स्वतः सांगितलेलं आई-वडिलांना झेपतं.

मग उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागवा. निकालानंतर अर्जाची मुदत थोडी असते, त्यामुळे त्याच आठवड्यात चौकशी करा. तपासलेली आपली उत्तरपत्रिका पाहण्याचा विद्यार्थ्याला माहितीच्या अधिकारात हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०११ मध्ये सांगितलं आहे. गुण वाढतील या आशेने ती मागवू नका, वाचण्यासाठी मागवा. प्रत हातात आली की शांत बसा आणि प्रत्येक गेलेल्या गुणासमोर एक अक्षर लिहा: आठवलं नाही तर "आ", कळलंच नव्हतं तर "क", प्रश्न चुकीचा वाचला तर "प्र", वेळ संपली तर "वे". मोजा. "आ" जास्त असतील तर संध्याकाळचा परवचा सुटला होता. "क" जास्त असतील तर पुढच्या सोमवारी ती प्रत घेऊन त्या विषयाच्या शिक्षकांकडे जा. "प्र" आणि "वे" असतील तर घड्याळ लावून अजून चार पेपर सोडवायचे आहेत. ही यादी दुसऱ्या सत्राच्या वहीत, अभ्यासक्रमाच्या झेरॉक्सशेजारी चिकटवा.